एअर इंडिया इमारत, नरिमन पॉइंट : १,६०१ कोटींच्या वास्तूचे परीक्षण

नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत महाराष्ट्र शासनाला १,६०१ कोटी रुपयांस विकण्यास केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी मान्यता दिली, तेव्हा चर्चा झाली ती जवळजवळ सगळी किमतीची. किंमत महत्त्वाची आहेच. परंतु एवढ्या पैशांत नेमके काय पदरात पडते, ती वास्तू कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने बांधली, आणि सरकारी कचेरी म्हणून ती कितपत उपयोगी पडेल, हे किमतीच्या आकड्यावरून कळत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. वास्तू म्हणून ही नरिमन पॉइंटवरच्या तीन-चार चांगल्या इमारतींपैकी एक आहे, कचेरी म्हणून ती मध्यम आहे, आणि या दोहोंत जे अंतर पडले आहे ते तिच्या मालकीच्या इतिहासातून आलेले आहे.

सुरुवात जमिनीपासून करणे भाग आहे, कारण जमीन एकाची आणि इमारत दुसऱ्याची अशी येथील स्थिती पहिल्यापासूनच आहे. नरिमन पॉइंट हा समुद्रात भराव घालून तयार केलेला भूभाग. बॅकबे हा उपसागर बुजवण्याची पहिली स्वप्ने १८६० च्या दशकात, कापसाच्या तेजीच्या दिवसांत पाहिली गेली आणि तेजी ओसरताच बुडाली. १९२० च्या दशकात, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, ही योजना पुन्हा हाती घेण्यात आली. खर्च फुगत गेला, टाकलेला भराव समुद्रभिंतीतून वाहून जाऊ लागला आणि लोक तिला लॉइडसाहेबांचा वेडेपणा म्हणू लागले. या कारभारावर तुटून पडलेले पुढारी म्हणजे खुर्शेद फ्रामजी नरिमन. विकास खात्यातील हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, तो नरिमन यांनी जिंकला, आणि पुढे ते मुंबईचे महापौरही झाले. भरावाच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगणाऱ्या माणसाचे नाव त्याच भरावाच्या सर्वांत महागड्या तुकड्याला मिळावे, हा प्रकार मुंबईलाच शोभतो.

स्वातंत्र्यानंतर भरावाचे काम पुढे सरकले आणि राज्य सरकारने येथील भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. याच सुमारास, १९६५ मध्ये, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. दक्षिण टोकाला आणखी कचेऱ्या बांधून लोकलगाड्यांवरचा भार वाढवू नका, उलट सरकारनेच आपले बिऱ्हाड पलीकडे हलवावे म्हणजे बाकीचे मागोमाग येतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सरकारने नव्या शहराची कल्पना स्वीकारली, मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापनाही केली. मात्र त्याच वर्षांत नरिमन पॉइंटवर एकामागून एक मनोरे उभे राहत गेले. एअर इंडियाची इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली ती या परस्परविरोधी धोरणाच्या ऐन भरात.

त्या काळची एअर इंडिया आज डोळ्यांसमोर आणणे अवघड आहे. १ ऑगस्ट १९५३ रोजी विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी जे. आर. डी. टाटा १९७८ पर्यंत अध्यक्षपदी राहिले, त्यामुळे पैसा सरकारचा आणि रुची टाटांची अशी एक दुर्मीळ जोडी या कंपनीत पंचवीस वर्षे टिकली. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे तिचे पहिले जंबो जेट विमान आले होते. बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि चित्रकार उमेश राव यांच्या कुंचल्यातून १९४६ मध्ये जन्मलेला तिचा शुभंकर महाराजा तोवर जगभरच्या विमानतळांवर लवून अभिवादन करू लागला होता. अशा कंपनीला मुख्यालय हवे होते ते केवळ टेबले मांडण्यासाठी खास नव्हे. मरीन ड्राइव्हवरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरेल अशी समुद्रासमोरची तेवीस मजली पाटी तिला हवी होती, आणि वास्तुशिल्पींनी तिला नेमके तेच दिले.

हे वास्तुशिल्पी न्यूयॉर्कचे. फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांच्या भागीदारीतील कचेरीने हा आराखडा केला आणि तो बर्गी यांच्या नावावर नोंदला जातो. मिनियापोलिसचा आयडीएस सेंटर हा काचेचा मनोरा आणि ह्यूस्टनचे पेन्झॉइल प्लेस ही जोडइमारत, ही त्या कचेरीची याच सुमाराची कामे. पुढे १९७९ मध्ये जॉन्सन यांना वास्तुकलेचा पहिला प्रित्झकर पुरस्कार मिळाला, आणि १९८४ मध्ये न्यूयॉर्कला एटी अँड टी कंपनीच्या मनोऱ्यावर जुन्या कपाटाच्या माथ्यासारखी कमान बसवून त्यांनी साऱ्या व्यवसायाला वादाला विषय पुरवला. मुंबईतले काम त्या मानाने शांत डोक्याचे आहे. आपल्याकडे क्वचितच लक्षात घेतली जाणारी गोष्ट अशी की, याच भरावाच्या टोकाला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात १९८० मध्ये उघडलेले टाटा थिएटरही जॉन्सन यांचेच आहे. चालत दहा मिनिटांच्या अंतरात त्यांच्या कचेरीच्या दोन वास्तू, एक उंच आणि बोलकी, दुसरी बुटकी आणि अंतर्मुख, असा योग भारतात इतरत्र कुठे आहे असे मला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष इमारतीकडे वळू. पायथ्याशी रुंद, कमी उंचीचा भाग, खाली तळघरे, आणि त्या पायथ्यातून सरळ वर गेलेला फिकट रंगाचा मनोरा, अशी तिची साधी मांडणी आहे. मनोऱ्याच्या अंगाला एकाच मापाच्या खिडक्यांच्या ओळी आहेत आणि त्या तळापासून माथ्यापर्यंत कुठेही लय न मोडता जातात. पट्टे नाहीत, सज्जे नाहीत, मधल्याच एखाद्या मजल्यावर केलेला चमत्कार नाही. सारा आविर्भाव माथ्यासाठी राखून ठेवलेला आहे, कारण कंपनीचे नाव आणि तांबडे बोधचिन्ह तेथे बसायचे होते. कोणार्कच्या चक्रात धनुर्धारी अश्वमानव असलेले ते चिन्ह रात्री उजळले की मरीन ड्राइव्हच्या त्या टोकाची खूणगाठ पटत असे. चौपाटीवर भेळ खाणाऱ्या मुलांनाही मोठी माणसे ‘ती बघ, एअर इंडिया’ म्हणून बोट दाखवीत. माथा चिन्हासाठी मोकळा ठेवून खालच्या सगळ्या मजल्यांना गप्प बसवणे हा या आराखड्यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय. शेजारच्या अनेक इमारतींनी सगळ्याच मजल्यांवर बोलायचा प्रयत्न केला आणि त्यांपैकी एकीचेही ऐकू येत नाही.

खिडक्यांबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. इमारतीचे तोंड पश्चिमेकडच्या समुद्राकडे आहे, म्हणजे दुपारी तीननंतरचे ऊन आणि जून ते सप्टेंबर या काळातील पावसाचा मारा अशा दोन्ही गोष्टी तिला समोरून सोसाव्या लागतात. अशा जागी अखंड काचेची भिंत उभी करण्याचा मोह वास्तुशिल्पींनी टाळला, जरी त्यांच्याच मिनियापोलिसच्या मनोऱ्यात त्यांनी ती अगदी मनसोक्त वापरली होती. येथे भिंतीचा भक्कमपणा कायम आहे आणि काच त्या भिंतीच्या चौकटीत बसवली आहे. समोरच्या कठड्यावरून चारच्या सुमारास पाहिले तर प्रत्येक चौकटीच्या कडेला सावलीची एक बारीक रेघ पडलेली दिसते, ऊन कलते तशी ती रेघ जाड होत जाते, आणि सपाट वाटणारा दर्शनी भाग तासाभरात खोदीव दिसू लागतो. वरच्या मजल्यांवरील एका भाडेकरू कचेरीत कामानिमित्त बसावे लागले असताना याच खिडकीची आतली बाजूही निरखून पाहता आली. काचेच्या खालच्या कोपऱ्यांत खाऱ्या वाऱ्याने मिठाची पांढुरकी साय धरली होती, बोट फिरवले तर आतून ती अर्थातच निघत नव्हती, आणि तिच्यावरून गिरगाव चौपाटीपासून मलबार हिलपर्यंतची सगळी कमान एका नजरेत मावत होती. त्या कचेरीतल्या मंडळींनी मात्र ऊन लागते म्हणून पडदे ओढून घेतले होते. मुंबईतील सर्वांत महाग दृश्य आणि त्यावर ओढलेला पडदा हा प्रकार येथील बऱ्याच इमारतींत दिसतो.

प्रवेशाच्या बाबतीत ही इमारत तिच्या काळाच्या पुढे होती. रस्त्याच्या पातळीवरून आलेल्या माणसाला वरच्या दालनात घेऊन जाणारा सरकता जिना तेव्हा मुंबईत अप्रूपाची वस्तू होता आणि देशातील कार्यालयीन इमारतींमधील अगदी सुरुवातीच्या जिन्यांमध्ये त्याची गणना होते. त्याचा हेतू नुसती हौस हा नव्हता. तिकिटाच्या चौकशीसाठी येणारा माणूस आणि वरच्या मजल्यांवर कामाला जाणारा माणूस यांची वाट पायथ्याशीच वेगळी करण्याची ती युक्ती होती. आज ज्या इमारतींत पाहुणा, कर्मचारी, शिपाई आणि पार्सल घेऊन आलेला मुलगा एकाच दारात, एकाच तपासणी यंत्रापुढे रांगेत उभे असतात, त्या पाहिल्या की पन्नास वर्षांपूर्वीच्या या विचाराची किंमत कळते.

मजल्यांची गोष्ट निराळी. एका मजल्याची जागा साधारण १०,८०० चौरस फुटांची धरली जाते. सत्तरच्या दशकातील कंपनीला ती ऐसपैस होती; एका खात्याला एक मजला दिला की काम भागत असे. लिफ्ट, जिने आणि स्वच्छतागृहे यांनी घेतलेली जागा वजा करता उरलेल्या जागेत कोणतेही टेबल खिडकीपासून फार दूर पडत नाही, हा तिचा मोठा गुण, आणि वीज गेल्यावर तो विशेष जाणवतो. परंतु वांद्रे-कुर्ला संकुलातील नव्या इमारती याच्या कित्येक पट मोठे, अखंड मजले देऊ लागल्यावर बँकांना आणि दलालीच्या पेढ्यांना नरिमन पॉइंटचे हे अरुंद मजले अडचणीचे वाटू लागले. शंभर माणसांच्या खात्याला तीन मजल्यांवर पसरावे लागले की निम्मा दिवस लिफ्टची वाट पाहण्यात जातो. वास्तुशिल्पींची यात चूक म्हणता येणार नाही. कचेरी या वस्तूचीच व्याख्या मध्यंतरी बदलली.

कंपनीने सर्व मजले स्वतःकडे कधीच ठेवले नाहीत. भाडे हे या इमारतीच्या उत्पन्नाचे एक अंग राहिले. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस हे तिचे ठळक भाडेकरू. किंबहुना नव्वदच्या दशकात संगणक क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या कित्येक मराठी मुलांनी अर्जाच्या पाकिटावर लिहिलेला टीसीएसचा पत्ता याच इमारतीच्या अकराव्या मजल्याचा होता. टाटांच्या हातून सुटलेल्या विमान कंपनीला टाटांचीच दुसरी कंपनी भाडे देत होती, ही मालकीच्या या कथेतील एक मजेशीर तळटीप.

याच इमारतीशी एअर इंडियाच्या चित्रसंग्रहाचेही नाव जोडलेले आहे. नागपूरजवळच्या बेला गावी जन्मलेल्या चित्रकर्त्री बी. प्रभा यांची काही चित्रे १९५६ मध्ये विकत घेऊन कंपनीने संग्रहाची सुरुवात केली. पुढे हुसेन, रझा, गायतोंडे अशी नावे त्यात येत गेली. परदेशांतील तिकीट कार्यालयांच्या भिंती सजवण्यासाठी केलेली ही खरेदी पाहता पाहता देशातील महत्त्वाच्या आधुनिक संग्रहांपैकी एक होऊन बसली. इमारतीतच तिचे संग्रहालय करावे असा विचार अधूनमधून पुढे येत असे. तो झाला असता तर पायथ्याच्या रुंद भागाला त्याच्या योग्यतेचा उपयोग मिळाला असता आणि मुंबईकराला या इमारतीत शिरायला एक कारण मिळाले असते. कंपनी विकल्यानंतर हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले. चित्रांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. इमारतीच्या दृष्टीने ते नुकसान आहे.

१२ मार्च १९९३ चा उल्लेख टाळून या वास्तूविषयी लिहिता येणार नाही. मुंबईतील साखळी स्फोटांच्या त्या दुपारी शेअर बाजारातील स्फोटानंतर तासाभरात एअर इंडिया इमारतीच्या पायथ्याशी स्फोटकांनी भरलेल्या मोटारीचा स्फोट झाला. वीसजणांचा बळी गेला, अनेक जखमी झाले, खालच्या भागातील बँकेच्या शाखेची दाणादाण उडाली. मनोरा मात्र उभा राहिला. त्यानंतर येथील आणि शेजारच्या सर्वच इमारतींचा पायथा बदलला: कठडे आले, अडथळे आले, चौकी आली, आणि रस्त्यावरून सहज आत शिरण्याची जी सोय मूळ आराखड्यात होती ती व्यवहारात संपली. सुरक्षेची गरज कोणी नाकारणार नाही. तरीही वास्तूचे परीक्षण करताना नोंद करावीच लागते की, आज आपण पाहतो तो पायथा वास्तुशिल्पींनी काढलेला नाही, त्या दुपारने तो काढला आहे.

मालकाची घसरण इमारतीच्या घसरणीआधी सुरू झाली. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाले, कर्जाचा डोंगर वाढत गेला, आणि मालमत्ता विकून किंवा भाड्याने देऊन पैसा उभा करण्याचे धोरण ठरले. फेब्रुवारी २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले आणि रिकामे झालेले मजले भाड्याने देण्यास काढले गेले. मुंबईत जन्मलेल्या कंपनीचे मुख्यालय दिल्लीला जाण्याबद्दल तेव्हा फारसा गदारोळ झाला नाही. आर्थिक राजधानीतील संस्था एकेक करून उत्तरेकडे सरकण्याची आपल्याला सवय झाली असावी.

पुढचा टप्पा विक्रीचा. २०१८ मध्ये सरकारी संस्थांकडून प्रस्ताव मागवले गेले तेव्हा महाराष्ट्र शासनाने १,४०० कोटी, जवाहरलाल नेहरू बंदर न्यासाने १,३७५ कोटी आणि आयुर्विमा महामंडळाने १,२०० कोटी रुपये देऊ केले. विक्रेत्याची अपेक्षा याहून जास्त होती, त्यामुळे व्यवहार रेंगाळला. दरम्यान २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. ‘महाराजा घरी परतला’ असे मथळे तेव्हा झळकले. पण महाराजाचे घर त्याच्याबरोबर गेले नाही. विमान चालवण्याशी थेट संबंध नसलेल्या जमिनी आणि इमारती एआय ॲसेट्स होल्डिंग या केंद्राच्या कंपनीकडे ठेवल्या गेल्या, आणि नरिमन पॉइंटची इमारत त्यांतली सर्वांत मोलाची. टाटांच्या रुचीने बांधली गेलेली ही वास्तू कागदोपत्री टाटांची एक दिवसही नव्हती.

राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये खरेदीला मंजुरी दिली आणि चार महिन्यांनी केंद्राचा होकार आला. या व्यवहारातील सर्वांत उद्बोधक कलम किमतीचे नाही, माफीचे आहे. शासनाच्या भाडेपट्ट्यावरील जागेचे हस्तांतरण होते तेव्हा जमिनीच्या वाढलेल्या मूल्यातील काही हिस्सा अनर्जित उत्पन्न म्हणून शासनाला द्यावा लागतो. येथे विकणाऱ्या कंपनीकडून येणे असलेली सुमारे २९८ कोटींची अशी रक्कम व्याज-दंडासह राज्याने सोडून दिली. म्हणजे राज्याने स्वतःच्या जमिनीवरील इमारत विकत घेताना १,६०१ कोटी मोजायचे आणि २९८ कोटींवर पाणी सोडायचे. खरी किंमत १,९०० कोटींच्या घरात धरली पाहिजे.

ती जास्त आहे का? एकूण बांधकाम ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच लाख चौरस फूट सांगितले जाते. त्या हिशेबाने १,६०१ कोटींना चौरस फुटाचा दर ३२ हजारांच्या आसपास पडतो, आणि समुद्रासमोरच्या जागेसाठी तो वाजवीहून कमीच म्हणावा लागेल. परंतु वर दिलेल्या मजल्याच्या मापाने तेवीस मजल्यांचे गणित केले तर अडीच लाख चौरस फूटही पुरते भरत नाहीत. उरलेल्या निम्म्या क्षेत्रात तळघरे, वाहनतळ, यंत्रखोल्या, पायथ्याचा भाग अशा गोष्टी येणार हे उघड आहे. खुर्ची-टेबल मांडता येईल एवढ्याच जागेवर किंमत वाटली तर दर दुप्पट होतो. सरकारी खरेदीच्या बातम्यांत पहिला आकडा येतो आणि दुसरा येत नाही, म्हणून तो येथे मांडला. तरीही माझ्या मते सौदा वाईट नाही. मंत्रालयापासून पायी दहा मिनिटांच्या आत एवढी मोठी, एकाच मालकाची इमारत दुसरी मिळणार नव्हती, आणि शेजारचे एक्स्प्रेस टॉवर्स ब्लॅकस्टोन आणि पंचशील यांच्यासारख्या गुंतवणूकदारांकडे गेले तसे हिचेही झाले असते तर दर्शनी भाग काचेने मढवला जाण्याची भीती होतीच.

शासनाला जागेची गरज आहे यात शंका नाही. २१ जून २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातील खाती विखुरली गेली. गडचिरोलीहून किंवा नांदेडहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला एक सही एका इमारतीत आणि दुसरी फोर्टातल्या भाड्याच्या जागेत मिळवावी लागणे हे त्याच्यावर अन्यायाचे आहे. विखुरलेली खाती एका छताखाली आली तर या खरेदीचे सार्थक होईल. पण इमारतीच्या मर्यादा येथेच आड येतात. ती कर्मचाऱ्यांसाठी आणि मोजक्या ग्राहकांसाठी आखलेली आहे. दिवसाला हजारो अभ्यागत वरच्या मजल्यांवर चढवण्या-उतरवण्यासाठी आखलेली नाही. तिच्या लिफ्टवर मंत्रालयासारखी गर्दी सोडली तर पहिल्या महिन्यातच चौथ्या मजल्यापर्यंतची जनता जिन्याने चढू लागेल. यावर उपाय मूळ आराखड्यातच दडलेला आहे. लोकांचे काम पायथ्याच्या रुंद भागात ठेवावे, अर्ज घेणे, पावती देणे, सुनावणीची दालने, बसायची जागा, पाणी, स्वच्छतागृहे हे सारे तेथेच मांडावे, आणि मनोरा केवळ कर्मचाऱ्यांसाठी ठेवावा. तिकीटवाल्याची आणि कचेरीवाल्याची वाट वेगळी करणारी १९७४ ची कल्पना अर्जदाराच्या बाबतीतही तितकीच चालेल.

आणखी काही गोष्टींची धास्ती वाटते. खात्याखात्याने आपापली वातानुकूलन यंत्रे खिडक्यांबाहेर लोंबकळवली, तर खिडक्यांची ती शिस्त सहा महिन्यांत संपेल. माथ्यावर काय लावायचे हा प्रश्न सुटण्याआधीच तेथे एखाद्या योजनेचा, फोटोसकट, फलक चढला, तर त्याला हटवायला पुढे निवडणूकच यावी लागेल. बाजूलाच असलेल्या मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९७० च्या दशकातील या मनोऱ्यांना असे कोणतेही कवच नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या काँक्रीटला खाऱ्या हवेत नियमित डागडुजी लागते. सार्वजनिक इमारतींच्या देखभालीचा आपला अनुभव फारसा आश्वासक नाही, म्हणून खरेदीबरोबरच दुरुस्तीसाठी स्वतंत्र तरतूद आणि जाणत्या वास्तुशिल्पीची नेमणूक व्हायला हवी.

नव्या शहराच्या शिल्पकारांनी १९६५ मध्ये सरकारला दिलेला सल्ला येथे आठवल्यावाचून राहत नाही. साठ वर्षांनंतर सरकारने खाडी ओलांडलेली नाही, उलट भरावावरचा आणखी एक मनोरा घेतला आहे. भुयारी मेट्रोने दक्षिण मुंबई जवळ आणल्यामुळे आता त्याचा पूर्वीइतका जाच होणार नाही, एवढे समाधान मानता येईल.

ज्यांना इमारत पाहायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कामाशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा बाहेरूनच पाहावी लागते आणि ते पुरेसेही आहे. मेट्रो ३ चे विधान भवन स्थानक जवळ आहे. चर्चगेटहून चालत वीस मिनिटे लागतात. दुपारी चार ते सूर्यास्त ही वेळ सर्वांत चांगली, आणि जागा म्हणाल तर मरीन ड्राइव्हचा कठडा, इमारतीपासून थोडा उत्तरेकडे, म्हणजे पायथा आणि माथा एकाच नजरेत येतात. पावसाळ्यात तेथे उभे राहणे टाळावे, भरतीच्या लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. टाटा थिएटरचे प्रयोग बहुधा संध्याकाळी असतात, त्यामुळे तिकीट काढून गेल्यास जॉन्सन-बर्गी कचेरीच्या दोन्ही वास्तू एकाच फेरीत पाहून होतात.